घरचा नॅस गरजेपुरता उठवणे आणि काम झाल्यावर आपोआप बंद करणे

निवांत_कोथरूड

नमस्कार मंडळी,

दहा वर्षांपूर्वीचा एक डेस्कटॉप माळ्यावर धूळ खात पडला होता. गेल्या दिवाळीत त्यात प्रत्येकी ४ टीबीच्या दोन डिस्क बसवून मी त्याचा घरगुती नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली नेटवर्कवर ठेवणारी पेटी, केला. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅस सांभाळणारी प्रणाली आणि एका डिस्कवरचे सगळे दुसरीवरही जसेच्या तसे, अशी साधी मांडणी आहे. घरातल्या चौघांचे फोटो, वडिलांनी जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली कीर्तने आणि माझ्या कामाचा बॅकअप एवढेच त्यावर आहे.

कामाबद्दल तक्रार नाही, विजेबद्दल आहे. प्लगला लावायच्या मीटरवर ही पेटी काहीही न करता ३४ वॅट ओढते. चोवीस तास चालू ठेवली, तर महिन्याला साधारण साडेचोवीस युनिट होतात. आमचे बिल नेमके ३०० युनिटच्या काठावर असते, त्यामुळे उन्हाळ्यात हीच युनिटे ३०१ ते ५०० च्या टप्प्यात जाऊन पडतात. प्रत्यक्ष वापर मात्र संध्याकाळी सात ते रात्री अकरा आणि पहाटे दोनच्या बॅकअपपुरताच आहे.

मला पाहिजे ते असे : आईने टीव्ही लावून फोटो उघडले की पेटी आपली आपण उठावी, कोणी वापरत नसेल तेव्हा आपली आपण बंद व्हावी, आणि पहाटे दोनला बॅकअपसाठी जागी होऊन काम उरकल्यावर पुन्हा झोपावी. कोणाला बटण दाबायला लागू नये.

आतापर्यंत केलेले प्रयत्न सांगतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ मांडणीत) वेक-ऑन-लॅन ही नेटवर्कवरून उठवण्याची सोय चालू केली. इथटूल या लिनक्सच्या आज्ञेने नेटवर्क कार्डालाही तसे सांगितले. पेटी स्लीपमध्ये असेल, तर फोनवरच्या अॅपने ती लगेच उठते. पण पूर्ण बंद केली, की उठवण्याचा संदेश, म्हणजे 'जादूचे पाकीट', कितीही वेळा पाठवा, ढिम्म हलत नाही. मग बायोसमधला गजर संध्याकाळी सातचा लावून पाहिला. सातला काहीच झाले नाही. रात्री बरोबर साडेबाराला दिवाणखान्यात पंखा घरघरला आणि वडील काठी घेऊन बाहेर आले. गजर सातचा आणि जाग साडेबाराला, हा हिशेब मला लागलेला नाही. कोणी मार्ग दाखवील का?

तांब्याची_तार

साडेबाराचा हिशेब सोपा आहे. मदरबोर्डवरचे घड्याळ लिनक्स जागतिक प्रमाणवेळेत ठेवते आणि पडद्यावर दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवते. बायोसला यातले काहीच ठाऊक नसते. त्या घड्याळात एकोणीस वाजले, की ते मशीन उठवते, आणि तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. संध्याकाळी सातची जाग हवी असेल, तर बायोसमध्ये दुपारचा दीड लावा.

पूर्ण बंद अवस्थेतून न उठण्याचे कारण बहुधा बायोसमधला ईआरपी हा वीजबचतीचा पर्याय असावा. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या १२७५ क्रमांकाच्या नियमाने घरगुती आणि कार्यालयीन उपकरणांच्या बंद अवस्थेतल्या वीजवापरावर मर्यादा घातली. आधी ती १ वॅट होती, २०१३ पासून अर्ध्या वॅटवर आली. ती पाळण्यासाठी मदरबोर्ड उत्पादकांनी बायोसमध्ये हा पर्याय दिला. तो चालू असेल, तर बंद अवस्थेत नेटवर्क कार्डाचाच वीजपुरवठा तोडला जातो. स्लीपमध्ये तो तुटत नाही, म्हणून तुमची पेटी स्लीपमधून उठते आणि पूर्ण बंद असताना उठत नाही. काही बोर्डांवर याच पर्यायाचे नाव 'डीप स्लीप' असे असते.

खात्री करायला बायोस उघडायचीही गरज नाही. पेटी बंद करा, पाठीमागे जाऊन नेटवर्कच्या खाचेजवळचा बारीक दिवा पाहा आणि राउटरवरचा त्याच तारेचा दिवाही पाहा. दोन्ही विझलेले असतील, तर कार्ड उपाशी आहे आणि त्याला पाठवलेले पाकीट वाचायला पलीकडे कोणी नाही.

निवांत_कोथरूड

दोन्ही दिवे विझलेलेच होते! ईआरपी बंद केला आणि पूर्ण बंद पेटी पहिल्याच पाकिटाला उठली. मनापासून आभार. दुपारी दीडचा गजर लावायचा हे मात्र वडिलांना समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

आता नवे कोडे. काल रात्री फोनवरून उठवली, वापरली, बंद केली. आज सकाळी पुन्हा उठेना, आणि या वेळी दिवा लागलेला आहे.

तांब्याची_तार

इथटूलने केलेली मांडणी पुढच्या वेळी मशीन सुरू झाले, की विसरली जाते, आणि बंद होताना कार्ड ज्या स्थितीत असेल तीच खरी. इथटूल चालवून 'वेक-ऑन' या ओळीपुढचे अक्षर पाहा. तिथे 'डी' दिसले, तर सोय बंद आहे. 'जी' दिसले, तर जादूचे पाकीट ऐकले जाईल. दर वेळी हाताने लावण्यापेक्षा सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) लिंक फाइलीत एकदाच लिहून टाका. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये तर नेटवर्कच्या पानावर त्यासाठी चौकट आहे. तिच्यावर खूण करून बदल लागू केला, की झाले.

एक सावधगिरी बाळगा. कार्ड ज्यांना दाद देऊ शकते अशी आणखी अक्षरे तिथे दिसतील : 'यू', 'एम', 'बी' वगैरे. जास्त असलेले बरे, असे समजून ती सगळी लावू नका. 'यू' लावले, तर पेटीच्या नावाने आलेले कोणतेही साधे पाकीट तिला उठवते, आणि घरातले प्रिंटर, टीव्ही, फोन काही ना काही चौकशी दिवसभर करतच असतात. पेटी झोपवली, की दोन मिनिटांत पुन्हा उठते, अशा ज्या तक्रारी वाचायला मिळतात, त्यांतल्या बऱ्याच इथून आलेल्या असतात.

पानशेत_वारा

धागा वाचते आहे. माझ्याकडे दोन डिस्कांचा तयार नॅस आहे. त्याच्या मेनूमध्ये वीज-वेळापत्रक आणि वेक-ऑन-लॅन दोन्ही असल्यामुळे वरचा सगळा खटाटोप मला करावा लागला नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घरातून फोनने पेटी उठते, पण हिंजवडीला कार्यालयात असताना राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) उघडूनही उठत नाही. गंमत म्हणजे, बंद केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे बाहेरूनही उठायची आणि नंतर नाही, असे आमच्या जुन्या जोडणीवर व्हायचे. जोडणी बदलल्यापासून तर कधीच उठत नाही. असे का होते? दुसरे असे, की माझ्या पेटीतला विभाग कूटबद्ध आहे. त्यामुळे पेटी उठली, तरी परवलीचा शब्द मीच द्यावा लागतो. मग आपोआप उठण्याला अर्थ काय उरतो?

औंधकर

पहिल्या प्रश्नासाठी ते पाकीट आतून कसे असते ते आधी सांगतो; एकदा ते कळले, की बाकीचे आपोआप उलगडते. १९९५ साली एएमडीने प्रसिद्ध केलेली ही युक्ती अगदी साधी आहे. सुरुवातीला सहा वेळा एफएफ ही बाइट, मग ज्या कार्डाला उठवायचे त्याचा सहा बाइटांचा हार्डवेअर पत्ता लागोपाठ सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. झोपलेल्या कार्डाला आयपी पत्ता म्हणजे काय, पोर्ट म्हणजे काय, हे काहीही समजत नसते. ते तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटात एवढी एकच नक्षी शोधत बसते. सापडली, की मदरबोर्डला ढोसते. पोहोच देणे त्याला ठाऊकच नाही. म्हणून पाठवणाऱ्या अॅपने 'यशस्वी' असे दाखवले, तरी त्याचा अर्थ पाकीट निघाले एवढाच असतो, पोहोचले असा नसतो.

आता तुमच्या पाच-दहा मिनिटांकडे वळू. बाहेरून आलेले पाकीट राउटर एका ठरावीक आयपी पत्त्याकडे वळवतो, पण तारेवर टाकण्यासाठी त्याला हार्डवेअर पत्ता लागतो. तो त्याच्या तात्पुरत्या वहीत, म्हणजे एआरपीच्या तक्त्यात असतो. पेटी बंद झाल्यावर काही मिनिटे ही नोंद शिल्लक राहते, तोवर पाकीट जाते. नोंद पुसली गेली, की राउटर घरात विचारतो : 'हा पत्ता कोणाचा?' झोपलेली पेटी उत्तर देत नाही आणि पाकीट तिथेच टाकून दिले जाते. घरातून पाठवलेले पाकीट सर्वांना उद्देशून प्रसारित होते, त्याला वहीची गरज नसते, म्हणून ते चालते.

नव्या जोडणीवर कधीच न चालण्याचे कारण वेगळे असणार. आपल्याकडे अनेक जोडण्या कॅरियर-ग्रेड नॅटच्या मागे असतात, म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता तुमच्या एकटीचा नसून अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तिथे तुम्ही घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडलीत, तरी पाकीट तुमच्या दारापर्यंत येतच नाही. तपासायचे असेल, तर राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि एखाद्या संकेतस्थळाने दाखवलेला तुमचा पत्ता ताडून पाहा. राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर संशयाला जागा नाही.

आणि खरे सांगायचे, तर पाकिटासाठी पोर्ट उघडणे हा मार्गच मला पसंत नाही. घरात सतत चालू राहणारी एखादी छोटी वस्तू ठेवावी. ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली चालवणारा राउटर चालेल, जुना रास्पबेरी पाय हा छोटा संगणक चालेल. त्यावर बाहेरून घरात येण्याची खासगी वाट देणारे टेलस्केल किंवा वायरगार्ड ठेवावे, बाहेरून त्या वस्तूपर्यंत यावे आणि पाकीट तिलाच घरातून पाठवायला सांगावे. टेलस्केल स्वतः प्रसारणाची पाकिटे पलीकडे नेत नाही, त्यामुळे फोनवरचे उठवण्याचे अॅप थेट त्यातून चालवून उपयोग होत नाही. आज्ञा घरातल्या यंत्रावरच चालली पाहिजे.

कूटबद्ध विभागाबद्दल जाणकारांनी लिहावे.

जुनी_पेटी

मी थोडा उलटा सूर लावतो. डिस्कला सर्वांत जास्त त्रास चालू-बंद होण्याचा होतो, असे आम्ही पूर्वीपासून ऐकत आलो. मग रोज चार वेळा पेटी बंद-चालू करण्यापेक्षा पेटी चालू ठेवून डिस्क तेवढ्या फिरायच्या थांबवाव्यात, हे अधिक शहाणपणाचे नाही का? वीजही वाचेल आणि फायली उघडायला मिनिटभर थांबावेही लागणार नाही.

गणपूर्ती

डिस्कांचे ऐकीव नुकसान आकड्यांत मांडले, की धास्ती कमी होते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साडेतीन इंची डिस्कांच्या माहितीपत्रकात वाचणारे डोके बाजूला नेऊन परत आणण्याची क्षमता बहुधा ६ लाख फेऱ्यांची दिलेली असते. पेटी दिवसाला चार वेळा उठली, तर वर्षाला १,४६० फेऱ्या होतात. याउलट, डिस्क दर दहा मिनिटांनी थांबायच्या आणि कोणीतरी टिचकी मारली, की पुन्हा फिरायच्या, असे चक्र चालू राहिले, तर वर्षाला ५२,५६० फेऱ्या होतात, आणि तेही मोटर दर वेळी थंडीतून उठवून. म्हणजे घातक आहे ते वारंवार थांबणे. दिवसातून चार वेळा बंद होणे नव्हे. डिस्क थांबवायच्याच असतील, तर मुदत दहा मिनिटांची न ठेवता तासाभराची ठेवा.

दुसरे असे, की धागाकर्त्यांच्या ३४ वॅटपैकी डिस्कांचा वाटा किती? नुसती फिरत असलेली मोठी डिस्क चार-पाच वॅट घेते. दोन्ही थांबवल्या, तर नऊएक वॅट वाचतील. उरलेले पंचवीस वॅट मदरबोर्ड, प्रोसेसर आणि जुना वीजपुरवठा खातच राहतात. कमी विजेवर चालणाऱ्या तयार नॅसच्या बाबतीत तुमचा सल्ला मी मानला असता. जुन्या डेस्कटॉपच्या बाबतीत नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. या धाग्यात सगळा जोर उठवण्यावर आहे. उठवणे सोपे आहे, त्याला १०२ बाइट पुरतात. कठीण आहे ते झोपवणे. कारण 'आता कोणी वापरत नाही' हे यंत्राने कशावरून ठरवायचे? मी यावर दोन वर्षे चुका केल्या आहेत, तेव्हा सविस्तर लिहितो.

पहिल्या आवृत्तीत मी सांबाची (नेटवर्कवरून फायली देणाऱ्या सेवेची) जोडणी पाहत होतो. जोडणी नाही, तर बंद. परिणाम असा झाला, की पेटी कधीच बंद होईना. लॅपटॉपवर जोडलेला ड्राइव्ह आणि टीव्हीवरचे अॅप काही काम नसताना तासन्तास जोडणी धरून बसतात. जोडणी म्हणजे वापर नव्हे, हा पहिला धडा. मग मी उघडलेल्या फायली मोजू लागलो. त्या एसएमबीस्टेटस ही सांबाची आज्ञा दाखवते. त्याने बरेच भागले, पण मोठा चित्रपट टीव्हीने पुढचा भाग आधीच साठवून घेतला, की फाइल मधेच बंद होते आणि अर्ध्या चित्रपटात पेटी गुडूप. म्हणून आता मी एकाच खुणेवर विश्वास ठेवत नाही. दर पाच मिनिटांनी एक लहान स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, चालते. ती उघड्या फायली पाहते, नेटवर्क कार्डाच्या मोजणीत मागच्या खेपेपासून किती बाइटांची भर पडली ते पाहते, कोणी एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्यासाठी, आत आहे का ते पाहते. तिन्हीकडे सामसूम असेल, तर एक गुण देते. लागोपाठ सहा गुण झाले, म्हणजे अर्धा तास सलग शांतता असली, तरच बंद करते. मधे एकदाही हालचाल दिसली, तर गुण पुन्हा शून्यावर. बाइटांची मर्यादा शून्य ठेवू नका; घरातल्या यंत्रांच्या चौकशा चालूच असतात. माझ्याकडे पाच मिनिटांना २ एमबीच्या खालची वर्दळ मी सामसूम धरतो.

पण सर्वांत महागात पडली ती चूक वेगळीच होती. पेटी बाहेरच्यांसाठी काही करत नाही, याचा अर्थ ती काहीच करत नाही, असा होत नाही. मी दर रविवारी रात्री डिस्कांची स्मार्टची (डिस्कने स्वतःलाच तपासण्याच्या सोयीची) दीर्घ चाचणी लावली होती. ४ टीबीच्या डिस्कला तिला सात ते नऊ तास लागतात. ही चाचणी डिस्क आतल्या आत करते, नेटवर्कवर एक बाइटही जात नाही, आणि माझी स्क्रिप्ट अर्ध्या तासाने वीज तोडायची. तीन महिने एकही चाचणी पूर्ण झाली नव्हती. नोंदींमध्ये दर आठवड्याला 'यजमानाने थांबवली' अशी ओळ पडत होती आणि मी नोंदी वाचत नव्हतो. चौथ्या महिन्यात एक डिस्क गेली. चाचणी पूर्ण झाली असती, तर आधी कळले असते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण तेव्हापासून बंद करण्याआधी स्क्रिप्ट आणखी चार गोष्टी विचारते : स्मार्टची चाचणी चालू आहे का, एमडीस्टॅट या स्थिती दाखवणाऱ्या फाइलीत रेडची (एकत्र जोडलेल्या डिस्कांची) जुळवणी किंवा तपासणी दिसते का, आरसिंक किंवा बॉर्ग हे बॅकअपचे प्रोग्राम चालू आहेत का, आणि पॅकेजचे अद्ययावतीकरण अर्धवट आहे का.

जे काम कोणत्याच खुणेत बसत नाही, त्यासाठी मी 'रन' या फोल्डरात एक रिकामी फाइल तयार करतो. ती असेपर्यंत पेटी बंद होत नाही. 'रन' फोल्डर स्मृतीत असतो, पेटी पुन्हा सुरू झाली, की तो कोरा होतो. त्यामुळे फाइल काढायचे विसरलो, तरी कायमचे अडत नाही.

ओपनमीडियाव्हॉल्ट वापरणाऱ्यांना यासाठी ऑटोशटडाउन नावाचे तयार प्लगइन मिळते. यांतल्या बऱ्याच तपासण्या त्यात आहेत, पण लावल्यावर पहिले दोन आठवडे रोज त्याची नोंदवही वाचा.

तांब्याची_तार

@पानशेत_वारा, कूटबद्ध विभागाची किल्ली स्मृतीत असते. पूर्ण बंद केले, की ती जाते. स्लीपमध्ये स्मृती जागीच राहते, त्यामुळे किल्लीही राहते. तुमची पेटी स्लीपला नीट दाद देत असेल, तर दिवसभर स्लीप वापरा आणि गावाला जाताना पूर्ण बंद करा. स्लीपमध्ये एक-दोन वॅट जास्त जातील, पण पेटी दहा-बारा सेकंदांत हजर होईल. मात्र स्लीपमध्ये असताना वीज गेली, तर ती चालू पेटीची वीज गेल्यासारखीच समजायची. चोरीच्या भीतीने कूटबद्ध केले असेल, तर झोपलेली पेटी म्हणजे किल्ली आतच राहिलेली तिजोरी, हेही ध्यानात ठेवा.

औंधकर

विजेचा विषय निघालाच आहे, तर गुरुवारची गोष्ट सांगतो. देखभालीसाठी आमच्याकडे वीज जायची ती बहुधा गुरुवारीच. राउटर इन्व्हर्टरवर आहे, नॅस नाही. वीज परत आली, की राउटर जागा, इंटरनेट चालू, आणि नॅस मात्र कोणत्याही पाकिटाला उठत नाही. एकदा हाताने चालू करून बंद केला, की पुढच्या गुरुवारपर्यंत सुरळीत.

याचे कारण असे, की वीज मुळापासून गेल्यावर कार्डाला 'तू ऐकत राहा' असे कोणीतरी नव्याने सांगावे लागते, आणि ते सांगणारी यंत्रणा मशीन एकदा सुरू झाल्यावरच जागी होते. उपाय बायोसमध्ये आहे. वीज परतल्यावर काय करायचे, या पर्यायाची किंमत 'बंद राहा' किंवा 'पूर्वीची स्थिती' न ठेवता 'चालू हो' अशी ठेवा. पेटी वीज आल्यावर उठेल, कार्डाला कामाला लावेल, आणि गणपूर्ती यांची स्क्रिप्ट अर्ध्या तासाने तिला नीट झोपवेल. मी या धाग्यातून नेमकी हीच जोड घेतली.

पहाटेचा बॅकअप चालू असताना वीज गेली, तर मात्र हा उपाय पुरत नाही. तिथे छोटा यूपीएस आणि नट ही प्रणाली लागते. यूपीएसची बॅटरी उतरू लागली, की ती पेटीला सभ्यपणे बंद व्हायला सांगते.

निवांत_कोथरूड

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी लिहिण्याजोगे काही नव्हते.

माळ्यावरचा रास्पबेरी पाय ४ खाली काढला आणि त्याला द्वारपाल केले. स्वतः पाय ४ पाकिटाने उठत नाही, पण इतरांना उठवतो. टीव्हीला कोडी हा फोटो-चित्रपट दाखवणारा प्रोग्राम चालवणारी पेटी जोडलेली आहे. ती सुरू झाली, की पायच्या पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या विचारणीला, उत्तर देऊ लागते आणि पाय लगेच नॅसला पाकीट पाठवतो. कोडीत स्वतःच पाकीट पाठवण्याची सोय आहे, हे मला नंतर कळले, पण वडिलांचा कीर्तनांचा रेडिओ आणि माझा लॅपटॉप यांच्यासाठी द्वारपाल राहू दिला. बटण दाबल्यापासून फोटोंचे फोल्डर दिसेपर्यंत ५५ सेकंद लागतात. पहिल्या दिवशी कोडीने वीस सेकंदांतच 'जोडणी नाही' म्हणून हात टेकले होते. थांबण्याची मुदत ९० सेकंद केल्यावर तक्रार मिटली.

पहाटे दोनला उठण्यासाठी बायोसचा गजर सोडून दिला आणि स्क्रिप्टनेच बंद होण्याआधी पुढचा गजर लिहावा, असे केले. त्यात एक बारीक खोच निघाली. गजर ठेवणाऱ्या वेकअलार्म या फाइलीत जुना गजर असताना नवा लिहिला, तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, 'साधन व्यग्र' म्हणून नकार देतो. आधी शून्य लिहून जुना पुसावा, मग नवा लिहावा. दोन रात्री बॅकअप चुकला तो एवढ्यासाठी. आरटीसीवेक ही गजर लावणारी आज्ञा वापरली, तर सेकंदांत अंतर देता येते आणि साडेपाच तासांची भानगडही राहत नाही.

आता हिशेब देतो. पेटी दिवसाला सरासरी सहा तास चालते. बंद अवस्थेत ती १.२ वॅट घेते. म्हणजे महिन्याला साडेचोवीसऐवजी पावणेसात युनिट. द्वारपालाचे ३ वॅट धरले, तर त्यात सव्वादोन युनिट वाढतात. निव्वळ बचत साधारण साडेपंधरा युनिटांची. युनिटला दहा रुपये धरले, तर दीडशे रुपयांच्या आसपास. तीन आठवड्यांच्या रात्रींची मजुरी त्यात धरलेली नाही. जुनी_पेटी यांचे म्हणणे मी म्हणून सर्वस्वी खोडून काढणार नाही. ज्याची पेटी मुळात दहा वॅटची आहे, त्याने या वाटेला न गेलेलेच बरे. दिवाणखान्यातला आवाज आणि उष्णता गेली, हे मात्र घरात सर्वांनी न विचारता सांगितले.

गणपूर्ती

छान जमले. एक शंका विचारतो. तुमचा बोर्ड दहा वर्षांचा आहे, आणि गजर आता सगळा त्याच्या घड्याळावर विसंबून आहे. त्यावरचा गोल सेल बदलला आहे का? तो उतरला, तर गुरुवारी वीज जाताच घड्याळ मागे जाईल आणि पहाटेची जाग भलत्याच वेळी येईल.

निवांत_कोथरूड

बदलला नव्हता. काल तपकीर गल्लीतून सीआर२०३२ आणला, जुना मोजला तर २.६ व्होल्ट निघाला, आणि नवा बसवला. संध्याकाळी आईने टीव्ही लावला आणि पेटी उठेना. पाठीमागे जाऊन पाहिले, तर दिवा विझलेला. सेल काढताना बायोसची सगळी मांडणी मूळपदावर गेली होती आणि ईआरपी पुन्हा चालू झाला होता. आता बायोसच्या तिन्ही पानांचे फोटो काढून ठेवले आहेत, फोनवर, नॅसवर नव्हे.